डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांचें लपविलेलें दुखणें

कांहीं दुखणीं माणूस चारचौघांत सांगतो, कांहीं स्वतःशींच ठेवतो. ताप, खोकला, संधिवात यांची विचारपूस ओसरीवर बसून होते, आणि पाहुण्याला त्यांची हकीकत सांगतांना सांगणाराला थोडें समाधानही वाटतें. मूळव्याधीचें तसें नाहीं. ती जडलेला मनुष्य बैठकींतून मध्येंच उठतो, गादीवर एका अंगाला कलून बसतो, तिखट पदार्थ ताटांत बाजूला सारतो, आणि कोणीं विचारलेंच तर "कांहीं नाहीं, जरा उष्णता झाली आहे," असें म्हणून विषय बदलतो. घरच्या माणसांनाही पुष्कळदां वर्षानुवर्षें पत्ता लागत नाहीं. वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे जावयाचें तें अगदीं असह्य झाल्यावर. आणि तेथें गेल्यावरही अर्धी गोष्ट सांगावयाची, अर्धी गिळावयाची, असा प्रकार होतो.

या संकोचाची किंमत किती असूं शकते हें दाखविणारें एक ठळक उदाहरण एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासांत आहे. तें कोणा अडाणी माणसाचें नव्हे. ज्यांनीं आफ्रिका खंड पायांखालीं घातलें, ज्यांच्या नांवाचा युरोप-अमेरिकेंत घरोघर उच्चार होत असे, आणि जे स्वतः वैद्यकाची परीक्षा उतरलेले डॉक्टर होते, त्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचें तें उदाहरण होय. त्यांच्या अखेरच्या प्रवासाचा एक धागा मुंबईच्या बंदरांतून निघतो व दुसरा नाशिकजवळच्या शरणपुरांतून. म्हणून मराठी वाचकाला ही हकीकत अगदींच परकी वाटूं नये.

लिव्हिंग्स्टन यांचा जन्म १८१३ साली स्कॉटलंडांतील ब्लँटायर या गांवीं एका गरीब कुटुंबांत झाला. वयाच्या दहाव्या वर्षीं ते कापसाच्या गिरणींत तुटलेले धागे जोडण्याच्या कामाला लागले. गिरणींत काम करीत असतांच त्यांनीं अभ्यास केला, ग्लासगो येथें वैद्यकाचें शिक्षण घेतलें आणि १८४० साली तेथील वैद्यकमंडळाची सनद मिळविली. त्याच वर्षाच्या अखेरीस मिशनरी म्हणून ते दक्षिण आफ्रिकेस जाण्यास निघाले. १८४४ साली एका सिंहानें त्यांच्यावर झडप घालून त्यांच्या डाव्या दंडाचें हाड फोडलें. तो हात पुढें जन्मभर अधू राहिला. या जखमेची गोष्ट साऱ्या जगाला ठाऊक झाली. सिंहाची जखम सांगण्यासारखी असते. दुसरें जें दुखणें त्यांना जडलें त्याची वाच्यता मात्र त्यांनीं शक्य तितकी टाळली.

तें दुखणें कसें जडलें असेल याची कल्पना त्यांच्या जीवनक्रमावरून येते. १८५३ ते १८५६ या काळांत त्यांनीं आफ्रिका खंड पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत ओलांडलें. पुष्कळशी वाट पायीं, कांहीं होडींतून, कांहीं बैलाच्या पाठीवर बसून. अन्न मिळेल तें, पाणी असेल तसें. हिंवतापाचे झटके एकामागून एक, आणि आमांश तर पाचवीला पुजलेला. हिंवतापावर त्यांनीं स्वतःची एक गोळी बसविली होती. तींत क्विनीनबरोबर कॅलोमेल, रेवाचिनी व जलाप हीं रेचक द्रव्यें असत. ही गोळी प्रवाशांमध्यें पुढें फार नांवाजली गेली. परंतु जहाल रेच, वारंवार होणारा आमांश, कधीं उपास तर कधीं निकृष्ट अन्न, आणि दिवसचे दिवस पाठीवरचा प्रवास, ही सामग्री मूळव्याधीला पोषक अशीच आहे. १८५८ ते १८६४ पर्यंतची झांबेझी नदीवरची मोहीम संपली तेव्हां रक्त पडण्याची ही पीडा त्यांच्या शरीरांत पक्कें घर करून बसली होती.

येथें या रोगाच्या उपचारांचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे. कारण लिव्हिंग्स्टन यांच्यासमोर जो प्रश्न उभा राहिला तो हजारों वर्षें माणसासमोर उभा होता.

आपल्याकडे या रोगाला अर्श म्हणतात. शत्रूप्रमाणें प्राणांना पीडा देतो म्हणून अर्श, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ति जुने वैद्य सांगतात. सुश्रुतानें जे आठ महारोग दुश्चिकित्स्य म्हणून गणले त्यांत वातव्याधि, प्रमेह, कुष्ठ यांच्या पंक्तीला अर्श व भगंदर या दोहोंना बसविलें आहे. त्याच्या उपचाराचे चार मार्ग त्यानें सांगितले: औषध, क्षार, अग्नि आणि शस्त्र. रोग नवा व सौम्य असेल तर औषध. कोंब मऊ, पसरलेले व उंचावलेले असतील तर क्षार. खरखरीत, घट्ट असतील तर डाग. आणि देठ बारीक असेल तर शस्त्र. तपासणीसाठीं त्यानें गाईच्या आंचळाच्या आकाराचें चार अंगुळें लांबीचें नळीसारखें यंत्र वर्णिलें आहे. त्याला दोन छिद्रें असत; एकांतून पाहावयाचें व दुसऱ्यांतून उपचार करावयाचा. क्षार लावल्यावर शंभर अंक मोजण्यास लागेल इतका वेळ थांबावें, मग तो पुसून आंबट कांजीनें धुवावा, आणि सगळे कोंब एकदम न काढतां सात सात दिवसांच्या अंतरानें एकेक काढावा, इतकी बारीक सूचना तेथें आहे. या प्रत्येक सूचनेमागें कोणातरी रोग्याच्या वेदना आणि कोणातरी वैद्याचा अनुभव उभा आहे हें सहज ध्यानांत येईल. चरकाचा कल मात्र औषधाकडे व पथ्याकडे अधिक. शस्त्र, क्षार व अग्नि यांनीं होणारे अपाय त्यानें स्पष्ट सांगितले आणि वातकफाच्या अर्शावर ताकाइतकें दुसरें औषध नाहीं असा निर्वाळा दिला. आपल्या घरांतील म्हातारी माणसें मूळव्याधीवर ताक सांगतात त्याचें मूळ इतकें जुनें आहे.

ग्रीसमध्येंही हा रोग असाच छळीत असे. हिपॉक्रेटिसच्या नांवावर असलेल्या ग्रंथसंग्रहांत केवळ मूळव्याधीवर एक स्वतंत्र छोटा ग्रंथ आहे. त्यांत सात-आठ लोखंडी सळया तापवून कोंब जाळण्याची रीत दिली असून, सहाय्यकांनीं रोग्याला धरून ठेवावें, आणि त्यानें ओरडावें यांत गैर कांहीं नाहीं, असेंही सांगितलें आहे. परंतु याच परंपरेंत दुसरी एक समजूत होती आणि ती फार दिवस टिकली. मूळव्याधीवाटे जातें तें दूषित रक्त होय, तें साफ बंद केल्यास जलोदर किंवा क्षय होण्याचें भय असतें, म्हणून जुनाट रोग्याचा एखादा कोंब राखून ठेवावा, असें ती समजूत सांगे. म्हणजे रक्त जातें तें बरेंच, अशी एक तसल्ली रोग्याला शास्त्राच्याच नांवानें मिळाली. ही समजूत पुढें लिव्हिंग्स्टन यांच्या लेखणींतून कशी उमटली तें यथाक्रम येईलच.

युरोपांत मध्ययुगांत शल्यकर्म हें हलक्या दर्जाचें मानलें गेलें. विद्वान वैद्य त्याला हात लावीत नसत; तें काम न्हाव्यांकडे व फिरत्या उपचारकांकडे गेलें. चौदाव्या शतकांत इंग्लंडांत जॉन आर्डर्न नांवाचा एक शल्यवैद्य भगंदराच्या उपचारांत नांवाजला आणि त्यानें त्यावर ग्रंथही लिहिला. पुढें फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला भगंदर झालें, तेव्हां १८ नोव्हेंबर १६८६ रोजीं फेलिक्स या शल्यवैद्यानें त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. त्याआधीं कित्येक महिने फेलिक्सनें पॅरिसच्या इस्पितळांतील गरीब रोग्यांवर हात बसवून घेतला होता. राजा बरा झाला, आणि राजालाच जें झालें त्याची लाज दरबाऱ्यांना उरली नाहीं. रोगाची प्रतिष्ठा रोग्यावर अवलंबून असते, हा या गोष्टीचा अर्थ.

सामान्य माणसासाठीं खरा मार्ग मोकळा झाला तो लंडनमध्यें. फ्रेडरिक सॅमन या शल्यवैद्यानें १८३५ साली आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका घरांत अवघ्या सात खाटांचें एक इस्पितळ उघडलें. भगंदर व गुदद्वाराचे इतर रोग यांनीं पीडलेल्या गरिबांसाठीं तें होतें. असल्या रोगाला वाहिलेलें इस्पितळ म्हटल्यावर नाकें मुरडणारे थोडे नसतील. परंतु रोग्यांची रीघ अशी लागली कीं तीन वर्षांतच मोठी जागा पाहावी लागली, आणि १८५४ साली सिटी रोडवर स्वतंत्र इमारत झाली. त्या वर्षीं सेंट मार्कच्या सणाच्या दिवशीं, म्हणजे २५ एप्रिलला, ती उघडली गेली, म्हणून त्या इस्पितळास सेंट मार्क हें नांव मिळालें. एकाच प्रकारचे रोग एका ठिकाणीं पाहिल्यानें तेथील शल्यवैद्यांचा हात सराईत झाला. कोंबाच्या मुळाशीं छेद घेऊन तो वर बांधून टाकण्याची सॅमनची रीत प्रसिद्ध झाली.

या सॅमनकडे गेलेल्या रोग्यांत एक फार मोठा माणूस होता. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांना भगंदर झालें तेव्हां त्यांनीं १८४१ च्या ऑक्टोबरांत सॅमनकडून शस्त्रक्रिया करवून घेतली. त्या वेळीं गुंगीचें औषध नव्हतें. ईथरचा उपयोग १८४६ साली सुरू झाला व क्लोरोफॉर्मचा १८४७ साली. तेव्हां संपूर्ण शुद्धीवर असतांना डिकन्स यांनीं ती कापाकापी सोसली. पण ते बरे झाले, आणि पुढच्या जानेवारींत अमेरिकेच्या दूरच्या सफरीला निघूं शकले. डिकन्स यांनाही लौकिकाची चाड होतीच. परंतु दुखणें व लौकिक यांची गल्लत त्यांनीं होऊं दिली नाहीं.

आतां पुनः लिव्हिंग्स्टन यांच्याकडे वळावयाचें. सरकारनें परत बोलावल्यामुळें १८६४ साली झांबेझीची मोहीम संपली. त्यांची पत्नी मेरी दोन वर्षांपूर्वींच त्या नदीकांठीं तापानें वारली होती. आपली 'लेडी न्यासा' ही लहान आगबोट विकावी, पण ती गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातीं पडूं नये, म्हणून लिव्हिंग्स्टन यांनीं एक धाडस केलें. मूठभर खलाशी घेऊन, स्वतः कप्तान होऊन, झांझिबारहून निघाले आणि सुमारें अडीच हजार मैलांचा समुद्र ओलांडून १३ जून १८६४ रोजीं, ऐन पावसाच्या तोंडावर, मुंबईस येऊन पोहोंचले. बरोबर आलेल्या आफ्रिकी मंडळींपैकीं चुमा व विकतानी या दोन मुलांना त्यांनीं मुंबईस डॉक्टर विल्सन यांच्या शाळेंत ठेवलें. सुसी व अमोदा यांना बंदरावर काम मिळालें. नंतर ते स्वतः इंग्लंडला गेले.

इंग्लंडांत ते वर्षभराहून अधिक राहिले. त्यांतले कित्येक महिने न्यूस्टेड ॲबी येथें एका मित्राच्या घरीं, पुस्तक लिहिण्यांत गेले. या मुक्कामांत त्यांनीं आपलें दुखणें डॉक्टरांना दाखविलें, आणि शस्त्रक्रिया करून घ्या असा स्पष्ट सल्ला त्यांना मिळाला. क्लोरोफॉर्म निघून सतरा वर्षें झालीं होतीं. सेंट मार्क इस्पितळ लंडनमध्यें होतें. जगांत त्या वेळीं या रोगावर जितकी चांगली शुश्रूषा मिळूं शकत होती ती त्यांच्यापासून एका दिवसाच्या आगगाडीच्या प्रवासावर होती. बिछान्यांत पडून राहण्यास वेळही होता. तरी त्यांनीं नकार दिला. कारण असें कीं, ती गोष्ट वर्तमानपत्रांत छापून येईल आणि आपल्या शरीराच्या त्या भागाची चर्चा साऱ्या देशांत होईल, हें त्यांना सहन होईना.

न्यायानें पाहूं गेल्यास त्यांच्या बाजूनेंही कांहीं बोलतां येतें. त्या काळीं शस्त्रक्रिया आजच्यासारखी निर्धोक नव्हती. जखम सडून रोगी दगावण्याचें भय खरें होतें. कार्बॉलिक ॲसिडानें जखमा निर्विष करण्याचा लिस्टर यांचा प्रयोग १८६५ च्या ऑगस्टांत प्रथम झाला, म्हणजे लिव्हिंग्स्टन इंग्लंडचा किनारा सोडीत होते त्याच महिन्यांत. ही भीति त्यांनीं पुढें केली असती तर कोणी त्यांना दोष देऊं शकला नसता. परंतु जो सिंहाच्या जबड्यांतून सुटला, ज्यानें निर्जन मुलखांत भाल्यांच्या गराड्यांत उभें राहून वाटाघाटी केल्या, त्या पुरुषाला चाकूचें भय नव्हतें. वर्तमानपत्राच्या एका रकान्याचें होतें. ज्या लौकिकामुळें रस्त्यांत त्यांच्याभोंवतीं गर्दी जमे, त्याच लौकिकानें त्यांना इस्पितळाच्या दारापासून मागें फिरविलें.

१८६५ च्या सप्टेंबरांत ते पुनः मुंबईस आले. आगबोट २,३०० पौंडांना विकली गेली. ती रक्कम त्यांनीं एका पेढींत ठेवली आणि थोड्याच दिवसांत त्या पेढीचें दिवाळें वाजलें. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांचें त्यांना साहाय्य होतें. त्याच वेळीं शरणपूरशीं त्यांचा संबंध आला. गुलामांच्या गलबतांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना तेथील चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतींत ठेवून लिहिणें-वाचणें व हातचे धंदे शिकवीत असत. त्यांतले नऊ जण लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर निघाले. इंग्रजांच्या पुस्तकांत या तरुणांचें नांवच 'नाशिकचीं मुलें' असें पडलें आहे. सुसी, चुमा, अमोदा, विकतानी हेही निघाले. कांहीं शिपाई होते. ३ जानेवारी १८६६ रोजीं ही मंडळी मुंबईहून झांझिबारला रवाना झाली. नाईल नदीचा उगम शोधावयाचा आणि गुलामांच्या व्यापाराचें खरें स्वरूप जगापुढें मांडावयाचें, असे दोन हेतु होते. लिव्हिंग्स्टन यांचें वय त्या वेळीं त्रेपन्नाच्या घरांत आलें होतें, आणि न बरें झालेलें दुखणें बरोबर होतें.

पहिल्या वर्षांतच बरोबरचीं माणसें गळूं लागलीं. शिपायांना परत पाठवावें लागलें, जोहाना बेटाचे लोक पळाले. त्याहून मोठा आघात १८६७ च्या २० जानेवारीस झाला. दोन हमाल पळून गेले आणि त्यांच्याबरोबर औषधांची पेटी गेली. आपल्याला जणूं मृत्यूची शिक्षाच ऐकविली गेली असें त्या दिवशीं लिव्हिंग्स्टन यांना वाटलें. पुढें त्यांना अधूनमधून औषधें मिळालीं, परंतु तोंपर्यंत शरीर खचत गेलें. १८७१ च्या उत्तरार्धांत उजीजी येथें पोहोंचले तेव्हां ते जवळजवळ निष्कांचन व हाडांचा सांपळा होऊन राहिले होते. तेथें नोव्हेंबरांत वार्ताहर स्टॅन्ले यांनीं त्यांना गांठलें, अन्न व औषधें दिलीं, आणि घरीं चलून प्रकृति सुधारा व मग परत या असा आग्रह केला. इस्पितळाचें दार दुसऱ्यांदा उघडलें होतें. लिव्हिंग्स्टन यांनीं तेंही बंद करून घेतलें. उगम सांपडल्याशिवाय त्यांना परत जावयाचें नव्हतें. १८७२ च्या मार्चांत स्टॅन्ले एकटे परतले आणि त्यांनीं झांझिबारहून नवीं माणसें पाठविलीं. त्यांतही कांहीं नाशिकचे तरुण होते. जेकब वेनराइट हा त्यांपैकींच एक. २५ ऑगस्ट १८७२ रोजीं शेवटचा प्रवास सुरू झाला.

या प्रवासाची त्यांनीं लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे, आणि जी गोष्ट त्यांनीं जिवंतपणीं लपविली ती तेथें लपलेली नाहीं. बँगविउलु सरोवराभोंवतालची दलदल, सारखा पाऊस, छातीइतकें पाणी. ते चालूं शकत नसत तेव्हां बरोबरचीं माणसें त्यांना खांद्यावर घेऊन पाणी ओलांडीत. रक्त जात असे आणि ते तशी नोंद करीत. एके ठिकाणीं ते लिहितात कीं, इतकें रक्त जातें तरी ताप नाहीं, तेव्हां शरीराचा अधिक दाब काढून टाकणारी ही झडपच असावी अशी आशा आहे. ग्लासगोच्या सनदी डॉक्टरच्या लेखणींतून हिपॉक्रेटिसच्या काळची ती जुनी तसल्ली अशी बाहेर पडली. ज्ञान असलें तरी ज्याला उपाय करावयाचा नाहीं, त्याचें मन आपल्याला हवें तें शास्त्र शोधून काढतें. १८७३ च्या १० एप्रिलच्या नोंदींत मात्र ही आशा उरलेली नाहीं. ३१ मार्चपासून सारखा रक्तस्राव होत असून आपण पांढरे फटक व निःसत्त्व झालों आहों, असें त्यांनीं लिहिलें आहे. त्यानंतरच्या नोंदी आंखूड होत जातात. शेवटची २७ एप्रिलची. आपण पुरते थकलों आहों आणि दुभत्या शेळ्या विकत आणण्यास माणसें पाठविलीं आहेत, एवढाच तिचा आशय.

आजच्या झांबिया देशांत चितांबो नांवाच्या नाईकाचें गांव होतें. तेथें माणसांनीं त्यांना डोलींतून आणलें व एक झोपडी बांधून दिली. १ मेच्या पहांटे, बिछान्याशेजारीं गुडघे टेकून, डोकें उशींत खुपसलेल्या स्थितींत ते मरण पावलेले आढळले.

मृत्यूचें कारण एकच होतें असें म्हणतां येणार नाहीं. हिंवताप, आमांश व रक्तस्राव या तिघांनीं मिळून तें शरीर पोखरलें होतें. आणि शेवटचें रक्त सारें मूळव्याधीचेंच होतें कीं आंतड्यांतूनही येत होतें हें दूरवरून ठरवितां येण्यासारखें नाहीं. परंतु वर्षानुवर्षें थेंबाथेंबानें रक्त गमावलेल्या माणसाला तापाशीं झगडण्यास बळ राहत नाहीं, हें सांगण्यास मोठा वैद्य लागत नाहीं. ज्या शस्त्रक्रियेला सल्ला मिळूनही नकार दिला गेला तिनें ते निश्चितपणें वांचले असते असें नव्हे. त्यांची वांचण्याची एक मोठी संधि गेली, इतकें खरें.

यापुढें जें घडलें त्याला इतिहासांत तोड नाहीं. सुसी, चुमा आणि इतरांनीं त्यांचा देह मायदेशीं पोहोंचविण्याचें ठरविलें. त्यांनीं शरीर उघडून हृदय व आंतडीं काढलीं. तेव्हां पोटांत डाव्या बाजूस हाताच्या पंजाएवढी गोठलेल्या रक्ताची गांठ त्यांच्या दृष्टीस पडली. हृदय एका झाडाखालीं पुरलें; जेकब वेनराइटनें तेथें प्रार्थना वाचली व झाडाच्या सालींत नांव कोरलें. नाशिकच्या शाळेंत गिरविलेलीं अक्षरें मध्य आफ्रिकेच्या अरण्यांत अशीं उपयोगी पडलीं. नंतर देहाला मीठ लावून चौदा दिवस उन्हांत वाळविलें, कापडांत व झाडाच्या सालींत गुंडाळलें, आणि हजार मैलांहून अधिक वाट तुडवून, सुमारें नऊ महिन्यांनीं तो बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला. वाटेंत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्यानें तो तेथेंच पुरण्याचा सल्ला दिला होता. त्यांनीं मानला नाहीं. लंडनमध्यें देह आला तेव्हां डाव्या दंडाच्या मोडलेल्या हाडावरून ओळख पटली. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत अंत्यविधि झाला आणि पेटीबरोबर चालणारांत जेकब वेनराइट होता. त्याच वर्षीं रोजनिशी छापली गेली. जें एका रकान्यांत येऊं नये म्हणून उपचार टाळला, तें दोन खंडांच्या ग्रंथांत साऱ्या जगानें वाचलें. त्यामुळें त्यांच्या थोरवीला रेसभरही उणेपणा आला नाहीं.

या रोगाविषयींचें ज्ञान त्यानंतर पुष्कळ पुढें गेलें. १८६९ च्या सुमारास टोचून औषध घालण्याची पद्धत निघाली. सेंट मार्क इस्पितळांतील मिलिगन व मॉर्गन यांनीं १९३७ साली प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया जगभर प्रमाण मानली गेली. १९६३ साली बॅरन यांनीं रबराची लहान कडी चढवून कोंब झडवून टाकण्याची सोपी युक्ति प्रचारांत आणली. तिला गुंगीचीही गरज बहुधा पडत नाहीं. काशी हिंदु विश्वविद्यालयांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जुन्या ग्रंथांतील क्षारसूत्राचा, विशेषतः भगंदरावर, नव्यानें अभ्यास होऊन तो उपचार पुनः रूढ झाला. १९७५ साली थॉम्सन यांनीं दाखवून दिलें कीं ज्यांना आपण कोंब म्हणतों त्या मूळच्या प्रत्येक माणसाच्या शरीरांत असणाऱ्या मऊ गाद्याच होत. कुंथण्यानें त्यांचे आधार सैल पडतात, त्या खालीं सरकतात आणि मग त्रास सुरू होतो. म्हणजे या रोगांत लाजण्यासारखें, पापाचें किंवा घाणेरडें असें कांहींच नाहीं. पोट साफ राहील असा आहार, कोंडा असलेलें अन्न, भाजीपाला, पुरेसें पाणी, शौचास फार वेळ न बसणें आणि न कुंथणें, एवढ्यानेंच पुष्कळांचा त्रास आटोक्यांत येतो.

परंतु एक गोष्ट मात्र घरच्या उपायांवर सोडतां येत नाहीं. रक्त जाणें म्हणजे मूळव्याधच, असें रोग्यानें स्वतः ठरवूं नये. आंतड्याच्या कर्करोगांतही रक्त जातें, आणि तो लवकर ओळखला तर पुष्कळदां बरा होतो. शिवाय रोज थोडें थोडें रक्त गेल्यानें माणूस हळूहळू पांढरा पडतो, दम लागतो, चक्कर येते, आणि त्याचें खापर वयावर किंवा कामाच्या ताणावर फुटतें. म्हणून तज्ज्ञाकडून एकदां नीट तपासणी करून घेणें हें अत्यंत जरूर आहे. सुश्रुताच्या नळींतून पाहणारा वैद्य काय आणि आजचा शल्यवैद्य काय, त्याच्या दृष्टीनें शरीराचा तो भाग दंडाच्या हाडाहून निराळा नसतो.

ज्या घरांत कोणी वडील माणूस जेवतांना तिखट बाजूस सारतो, बैठकींतून निमूटपणें उठतो आणि विचारल्यास उष्णतेचें निमित्त सांगतो, त्या घरांतल्या मुलांनीं, सुनांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी. त्या माणसाची थट्टा न करतां, गाजावाजा न करतां, त्याला बरोबर घेऊन डॉक्टरकडे जावें. लिव्हिंग्स्टन यांच्याजवळ धैर्य होतें, विद्या होती, मित्र होते, जगांतले उत्तम शल्यवैद्य होते. १८६४ साली त्यांच्याजवळ नव्हता तो एवढाच एक आग्रह करणारा जवळचा माणूस.